आईची सोय

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी फराळाचा डबा घेऊन मी बोरिवलीला आईकडे गेले. आईकडे गेले, असे सवयीने लिहून गेले खरी. पण आईकडे जाणे म्हणजे काय, हे आता मला नीटसे सांगता येत नाही. पूर्वी आईकडे जायचे म्हणजे मुलुंडच्या घराचे तीन जिने चढायचे, लोटलेले दार ढकलायचे, आणि ‘आलीस? आधी पाय धू’ हे शब्द ऐकायचे. आता आईकडे जायचे म्हणजे दादरला गाडी बदलायची, बोरिवलीला उतरून रिक्षा करायची आणि फाटकावरच्या वहीत नाव लिहायचे. त्या वहीत पाच रकाने आहेत : नाव, वेळ, कोणाला भेटायचे, नाते आणि आत नेण्याच्या वस्तू. मी चौथ्यात ‘मुलगी’ लिहिले आणि पाचव्यात ‘फराळ’ लिहिले.

दुसऱ्या मजल्यावर नर्सबाईंनी डबा उघडून पाहिला. बेसनाचे लाडू बाजूला काढले, कारण आईला साखरेचा त्रास. शंकरपाळ्यांकडे त्यांनी जरा विचार करून पाहिले आणि तेही काढले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “आजी चकली खातात का हो? दातांचं बघते आहे.”

आई त्या वेळी माझ्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसली होती. तिला ऐकू येते, बोलता येते, आणि चकली या विषयावर तर आमच्या जुन्या इमारतीत तिचा शब्द शेवटचा मानला जाई. भाजणी किती भाजायची, मोहन किती घालायचे, हे विचारायला शेजारणी पीठ घेऊन येत. मी म्हणाले, “हो, खाते.” नर्सबाईंनी मान हलवली, दोन चकल्या बशीत ठेवल्या आणि त्या निघून गेल्या.

परतताना अंधेरी गेले, वांद्रे गेले, आणि दादर यायच्या बेतात असताना माझ्या लक्षात आले, की नर्सबाईंनी आईला विचारले नाही हे मला खुपले होते. पण मीही आईकडे वळून ‘आई, खाशील का?’ असे म्हटले नव्हते. मी उत्तर देऊन टाकले होते.

एवढ्याशा गोष्टीवर दिवाळी अंकात लेख लिहायचा, असे कोणी म्हणेल. पण वर्ष झाले, ती चकली माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या जागेविषयी मला तक्रार करायची नाही. वृद्धाश्रम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते – कळकट खोल्या, खिडकीशी वाट पाहत बसलेली म्हातारी, आणि पाठीमागे व्हायोलिन – त्यातले तिथे काही नाही. सकाळी साडेसहाला चहा येतो, सात वाजता अंघोळीला मदत करायला बाई येते, साडेआठला नाश्ता. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर येतात, एक दिवसाआड व्यायाम शिकवणारी मुलगी येऊन गुडघे वाकवून घेते. औषधाच्या गोळ्या दिवसांच्या नावांच्या डबीत मोजून ठेवलेल्या असतात. दुपारी पेज किंवा ताक, चारला चहा, पाचला गच्चीवर खुर्च्या, सातला भजन, आठला जेवण, मग ज्याला हवी त्याला टीव्हीवरची मालिका. शनिवारी हाउझी खेळतात. आई त्यात दोनदा जिंकली, आणि बक्षिसाचे साबण तिने मला देऊ केले. पलंगाच्या उशाशी आणि न्हाणीघरात घंटेचे बटण आहे. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडे आहेत, फरशी घसरत नाही, दार बाहेरच्या बाजूला उघडते. आत कोणी पडले तर त्याच्या अंगाने दार अडून बसू नये, एवढ्यासाठी. हे ज्या कोणाला प्रथम सुचले त्याला माझा नमस्कार.

कारण आई पडली ती न्हाणीघरातच, आणि आमचे दार आत उघडणारे होते. शेजारच्या मुलाने बिजागऱ्या काढल्या तेव्हा ती हाती लागली. खुब्याचे हाड मोडले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, मी दिवसभर बालवाडीत, दादा कॅनडात. आमच्या पिढीतल्या किती घरांत हीच कथा थोड्याफार फरकाने घडली असेल! स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात माणूस सरासरीने तिशीच्या थोडा पलीकडे जगत असे. आज सत्तरीच्या आसपास जगतो. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे १० कोटी ३८ लाख भरली. एवढी माणसे जगवली हा पराक्रमच आहे. पण त्यांच्यासाठी जिने कोणी बांधले नव्हते.

आता बांधू लागले आहेत. २०२४ साली आपल्या राज्यात गृहबांधणीवर देखरेख करणाऱ्या महारेराने ज्येष्ठांसाठी म्हणून बांधल्या जाणाऱ्या इमारतींकरिता नियम काढले. दार ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावे, म्हणजे चाकाची खुर्ची आत येईल. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. एका दमात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. ओटीत पायरी नको, उतार हवा. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट हवीच. मी हे नियम वर्तमानपत्रात वाचले आणि माझे डोळे भरून आले, असे सांगितले तर वाचकांना हसू येईल. पण तीन जिन्यांवरून खुर्चीत बसवलेली आई चौघांनी खाली आणलेली ज्याने पाहिली आहे, त्याला ‘एका दमात बारा पायऱ्या’ यात काव्य दिसल्यावाचून राहणार नाही.

तर सोय हवी. सोयीला नाक मुरडणारी माणसे बहुधा तरुण असतात आणि त्यांचे गुडघे शाबूत असतात.

पण आपल्या भाषेत हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. ‘सोय जाणेल तो सोयरा’ अशी म्हण आहे. म्हणजे आपल्याला काय हवे ते ओळखतो तो आपला. आणि त्याच शब्दाला ‘लावणे’ हे क्रियापद जोडले की अर्थ फिरतो. मुलीची सोय लावली म्हणजे तिचे लग्न उरकले. बदली झाल्यावर मांजराची सोय लावली म्हणजे ते कोणाला तरी देऊन टाकले. आईला बोरिवलीला ठेवून आल्यावर मी दादाला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून काय गेले? “आईची सोय लागली.” तिकडून दादाने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की तो मला समुद्रापलीकडून ऐकू आला. पैशाचा मोठा वाटा तोच उचलतो, तेव्हा त्याला बोल लावायचा मला अधिकार नाही. तो रोज रात्री आईशी व्हिडिओवर बोलतो. मी पंधरा दिवसांनी जाते. कोण जवळचे, याचा हिशेब मांडायला बसले तर मला लाज वाटेल.

आपले पूर्वज या बाबतीत फार वेगळे होते, असे भाषणांतून सांगतात. मी थोडे वाचून पाहिले. गृहस्थाचे केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या, नातवाचे तोंड दिसले, की त्याने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीत आहे. म्हणजे घर सोडायचे ते म्हाताऱ्याने, आणि आपण होऊन. हे एका परीने मानाचे आहे. निघायचे केव्हा ते तो ठरवतो. पण त्याच ठिकाणी पुढे बायकोविषयी सांगितले आहे, की तिला मुलांच्या स्वाधीन करावे, नाहीतर बरोबर न्यावे. तिला काय हवे, हा प्रश्न दोन्ही वाटांवर नाही. ती ठेव आहे. इथे ठेवा किंवा तिथे न्या. हे वाचून मला बोरिवलीची वही आठवली.

आणि आपला पुंडलिक! आईबापांची सेवा करताना दाराशी देव आला तरी ज्याने वीट भिरकावून त्याला उभे राहायला सांगितले, त्याच्याहून मोठा पुत्र मराठी मनाला सुचलेला नाही. मीही बालवाडीत ती गोष्ट सांगते. मुलांना वीट फार आवडते. पण मागे एकदा सांगता सांगता मनात आले, की या गोष्टीत देवाचे नाव आहे, पुत्राचे नाव आहे, विटेलासुद्धा मान आहे. पण पुंडलिकाच्या आईचे नाव चारचौघांत विचारले तर किती जण पटकन सांगतील? आणि त्या माऊलीला, ‘अगं, विठ्ठल आलाय, पाय चेपणे राहू दे, बघायचाय का?’ असे कोणी विचारले का? कथा सेवेची आहे, त्यामुळे सेवा करणारा मोठा झाला. सेवा घेणारी दोन माणसे कथेत नुसती पडून आहेत. पापभीरू वाचकांनी रागावू नये. मी पंढरपूरला जाते, विटेवर डोके टेकवते. पण हा प्रश्न काही जात नाही.

आजचा आपला कायदाही पुंडलिकाचीच आठवण काढतो, फक्त दंडुका घेऊन. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुले पाहत नसतील तर आईबापांनी न्यायाधिकरणाकडे जावे, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळेल. टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि निराधारांसाठी दर जिल्ह्यात निदान दीडशे माणसे राहतील असा एक तरी आश्रम सरकारने चालवावा. आपल्या राज्यात निराधार वृद्धांना सरकार पेन्शन देते. २०२३ साली ते महिन्याला १५०० रुपये झाले. त्या योजनेचे नाव श्रावणबाळ. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून नेणाऱ्या पोराच्या नावाने, ज्यांना नेणारे कोणी नाही त्यांना पैसे! नाव ठेवणाऱ्याला विनोद करायचा नव्हता, हे उघड आहे. पोट भरले पाहिजे, छप्पर पाहिजे, हे कायदा सांगू शकतो आणि त्याने सांगावेच. पण ‘चकली खाणार का’ हे कोणाला विचारायचे, ते कायदा कसा सांगणार?

मग जुन्या एकत्र कुटुंबात विचारत होते का? माझी आजी कोकणात वारली. ती घरात होती, माणसांत होती, आणि शेवटची चार वर्षे मागच्या पडवीत एका बाजेवर होती. तिला काय हवे ते तिथेही कोणी विचारले नाही. तिच्या अंगाखालचे अंथरूण दोन-दोन दिवस बदलत नसत, कारण सुनांना हजार कामे. बोरिवलीच्या त्या स्वच्छ पांढऱ्या चादरी पाहिल्या म्हणजे मला आजीची आठवण येते आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांचा राग येतो. पण एक गोष्ट मात्र होती. उन्हाळ्यात पापड वाळत घातले की आजीची बाज अंगणाकडे वळवत आणि तिच्या हाती एक काठी देत. कावळे हाकलायचे काम तिचे. दिवसभर ती ‘हाऽड हाऽड’ करी. एखादा पापड कावळ्याने नेलाच तर माझी काकू तिला बोलत असे, चांगले फणकाऱ्याने बोलत असे, आणि आजी तितक्याच फणकाऱ्याने उलट बोलत असे. आईला बोरिवलीत कोणी बोलत नाही. सगळे गोड बोलतात.

“मला इथं कुणी काही काम सांगत नाही,” असे आई एकदा म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे. ‘आज वारा नाही’ म्हणावे तसे. मी तिथल्या व्यवस्थापकांना जाऊन भेटले. सभ्य गृहस्थ. मी म्हटले, आईला स्वयंपाकघरात अर्धा तास बसू द्या, भाजी निवडेल. ते म्हणाले, “बाई, त्यांचं बोट कापलं, पाय घसरला, तर जबाबदारी कोणाची? उद्या तुम्हीच मला विचाराल.” मी गप्प बसले. खरेच विचारले असते. आई पडू नये म्हणूनच तर मी पैसे देत होते. आणि जी माणसे काहीच करत नाहीत ती पडत नाहीत, हेही खरे आहे.

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे लोक म्हणतात. मी बालवाडीत शिकवते, तेव्हा पहिल्या बालपणाविषयी मला थोडे बोलता येईल. माझे शिक्षण म्हणाल तर दहावी. वडील त्याला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. मुलांना कसे सांभाळायचे ते मी पुस्तकात शिकले नाही, एका वयस्क मदतनीस बाईंकडून शिकले. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगा बुटाचा बंद बांधत बसला होता. सुटीची घंटा झालेली, आया दाराशी उभ्या. मी वाकून दोन सेकंदांत बंद बांधून टाकला. बाई मला म्हणाल्या, “ताई, बंद तुमचा नव्हता.” त्या दिवसापासून मी एकच गोष्ट शिकते आहे, आणि ती अजून पुरती येत नाही : हात पुढे करायचा नाही. मूल डब्याचे झाकण उघडते आहे, बटण चुकीच्या काजात घालते आहे, तोंड लाल झाले आहे, आणि आपला हात शिवशिवतो आहे. तो हात पाठीमागे धरून उभे राहायचे. बालवाडीच्या शिक्षिकेचे सगळे कौशल्य त्या पाठीमागच्या हातात आहे. मुलाला मदत करायची ती उद्या कमी लागावी म्हणून.

तेव्हा म्हातारपणाला दुसरे बालपण म्हणणारे लोक बालपणालाही ओळखत नाहीत. बालवाडीत आम्ही जितके थांबतो तितके आईसाठी कोणी थांबत नाही; मीही नाही. ती पदराचे टोक शोधत असते आणि मी तो खांद्यावर टाकून मोकळी होते. ती आठवून आठवून एखादे नाव सांगणार असते, तेवढ्यात मी ते सांगून टाकते. नर्सबाईंना तर एका तासात अकरा खोल्या उरकायच्या असतात. त्यांचा दोष काय? थांबायला वेळ लागतो, वेळाला माणूस लागते, आणि माणसाला पगार. दर महिन्याच्या बिलात अंघोळ आहे, फिजिओथेरपी आहे, धुलाई आहे. ‘थांबणे’ असा रकाना त्यात नाही.

मी हे मनाचे बोलते आहे असे वाटू नये, म्हणून एक प्रयोग सांगते. १९७६ साली अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन बायकांनी कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धगृहात तो केला. तिथल्या एका मजल्यावरच्या लोकांना सांगितले, की तुमच्या दिवसाचे तुम्ही ठरवायचे. आणि प्रत्येकाला एक कुंडी निवडून घेऊन तिची निगा राखायला सांगितली. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना सांगितले, की तुम्ही काळजी करू नका, सगळे आम्ही बघू. त्यांनाही कुंडी दिली, पण पाणी नर्स घालणार. सोयी दोन्हीकडे सारख्याच. तीन आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक हिंडतीफिरती, अधिक हसतीबोलती झाली होती. पुढे दीड वर्षाने दोन्हीकडे किती माणसे उरली तेही त्यांनी मोजले. त्या आकड्यांचा अर्थ किती लावायचा यावर वाद झाला, तेव्हा ते मी सोडून देते. मला कुंडी पुरे. आजीची काठी आणि ती कुंडी यांत मला फरक दिसत नाही.

मला वाटते, दुसऱ्याची सोय करणे म्हणजे स्वतःची थोडी गैरसोय करून घेणे, हा साधा हिशेब आपण विसरलो आहोत. अंधेरीला महाकालीच्या रस्त्यावर जोगिणींचा एक वृद्धाश्रम आहे; गरिबांच्या लहान भगिनी, असे त्या स्वतःला म्हणवतात. त्यांच्या संस्थेची सुरुवात १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये झाली. जान ज्युगाँ नावाच्या, मोलमजुरी करून राहणाऱ्या एका बाईने एका आंधळ्या म्हातारीला घरी आणले, आपल्या पलंगावर निजवले, आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. ना इमारत, ना वही; एक पलंग रिकामा झाला, एवढेच. हे वाचले तेव्हा मी मनाशी विचारले, माझा कोणता पलंग रिकामा झाला? आमचे घर एका खोलीचे, मुलगी दहावीत. अडचणी खऱ्या होत्या. पण खरे सांगायचे तर मी त्या अडचणी मोजल्या त्या उत्तर ठरवून झाल्यावर.

आणि गैरसोय काही नाहीशी होत नाही. आपण ती पैसे देऊन दुसऱ्याकडे पाठवतो. आईला अंघोळ घालायला येणारी मुलगी जव्हारकडची, एकोणीस वर्षांची. तिला तिथे सगळे ‘मावशी’ म्हणतात. ऐंशी वर्षांचे आजोबा त्या एवढ्याशा पोरीला ‘मावशी, जरा उठवता का’ म्हणतात, ते ऐकून पहिल्यांदा मला हसू आले. मी तिला विचारले, घरी कोण आहे? म्हणाली, “आजी आहे ना. ती शेळ्यांमागं जाते. सांगितलं तरी बसत नाही.” दारिद्र्याचे कौतुक करण्याचा पाप-विचार मी करणार नाही. त्या आजीच्या गुडघ्यांना मंगळवार-शुक्रवार डॉक्टर नाही, आणि शेळ्यांमागे ती हौसेने जाते की जावेच लागते म्हणून जाते, ते मला मुंबईत बसून कळणार नाही. पण तिची नात माझ्या आईचा हात धरते म्हणून मी शाळेत वेळेवर पोहोचते, एवढे मला कळते.

आता जे सांगायचे ते सांगून टाकते. आईला बोरिवलीला नेले तेव्हा मी तिला खोटे सांगितले होते. “पंधरा दिवस राहून बघ, पाय बरा झाला की घरी,” असे म्हटले होते. त्या वेळी घर भाड्याने द्यायचे ठरून गेले होते. आलेल्या भाड्यातून खर्चाचा माझा वाटा निघणार होता. मी तिला विचारले नाही, कारण ती ‘नाही’ म्हणेल अशी भीती होती. आणि विचारले असते, ती ‘नाही’ म्हणाली असती, तरी मी काय करणार होते? तेव्हा विचारण्यात काय अर्थ, असे मी मनाची समजूत घालत राहिले. ज्या प्रश्नाचे उत्तर आपण ऐकणार नाही, तो विचारणे हाही एक अपमानच नाही का? की न विचारणे त्याहून मोठा? मी उलटसुलट पुष्कळ विचार केला. आजही मला हे सुटलेले नाही.

यंदा श्रावणात एकदा गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी कसेबसे म्हटले, “आई, त्या वेळी मी पंधरा दिवस म्हटलं होतं...”

आई म्हणाली, “मला ठाऊक होतं. तू पितळेचे डबे माळ्यावरून खाली काढलेस, तेव्हाच कळलं. पंधरा दिवसांसाठी कुणी डबे काढत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू रडवेली झाली होतीस. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर आणखी रडली असतीस.” मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “पण विचारायचं होतंस गं. मी ‘हो’च म्हटलं असतं. पण माझं मी म्हटलं असतं.”

मी काही बोलू शकले नाही. खाली रिक्षांचे भोंगे चालले होते. तिनेच विषय बदलला. “पुढच्या खेपेला येशील तेव्हा कडवे वाल घेऊन ये. किलोभर. भिजवून, मोड काढून आण. इथं ते जमायचं नाही.”

“कशाला?”

“सोलायला.”

वालाची डाळिंबी सोलणे ज्यांनी केले आहे त्यांना ते काय काम आहे ते माहीत असेल. सुरी लागत नाही, विस्तव लागत नाही. कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेका दाण्याचे पोट दाबायचे, साल हातात राहते, डाळिंबी सुळकन बाहेर येते. किलोभर वाल म्हणजे एका माणसाची दुपार. बोट कापण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा व्यवस्थापकांनाही नाही म्हणता येईना. पुढच्या रविवारी मी मोड आलेले वाल फडक्यात बांधून नेले. वहीत ‘कडधान्य’ लिहिले. आईने परात मांडीवर घेतली. समोरच्या खोलीतल्या काकू आल्या, त्यांनी आईची पद्धत चुकीची ठरवली, आईने त्यांची. जव्हारची मुलगी जाता-येता चार दाणे दाबून जाई. मी हात पुढे केला तर आई म्हणाली, “तू नको. तू पाहुणी आहेस.”

पाच वाजेपर्यंत चालले होते. मी खुर्चीत बसून राहिले. दोनदा माझा डोळा लागला.

निघताना आईने डबा भरून माझ्या हाती दिला. म्हणाली, “नारळ बेतानं घाल. गूळ विसरू नकोस. आणि तुझ्या मुलीला सांग, आजीनं दिलंय.” डबा जड होता. मी तो पिशवीत घालून खाली आले, तर फाटकावरच्या दादांनी अडवले. पिशवीत काय आहे, म्हणाले. आत आलेली वस्तू वहीत असते. बाहेर जाणाऱ्या वस्तूला वरून चिठ्ठी लागते. मी म्हटले, आईने दिले आहे. ते गोंधळले. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली, मग सहाव्या रकान्यासाठी पानावर हाताने एक रेघ ओढली, आणि मला विचारले, “काय लिहू, बाई?”